खालची मालकीण

१

या जिल्ह्यात माझ्याइतकी माणसं कुणी मारली नसतील. बायका, पुरुष, दोन पाद्री, एक शेरीफ. सगळ्यांना भर दिवसा, कोर्टाच्या इमारतीत, उजवा हात वर करून मारलं, आणि एकदाही तुरुंगाचं तोंड पाहिलं नाही.

आता खरं सांगून टाकतो. ती सगळी आधीच मेलेली होती. मी फक्त शपथेवर तसं सांगितलं. त्यातलेही एक गृहस्थ पुढच्याच आठवड्यात पशुखाद्याच्या दुकानात भेटले, "काय रे होबार्ट, मी कधी गेलो म्हणे?" असं विचारलं आणि वर माझ्याच पैशाने कॉफी प्यायले. तेव्हा माझ्या बढाईला फार भुलू नका.

हा धंदा कसा चालतो तेवढं सांगतो. आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत जमीन आडवी कापून विकतात. वरचा थर एकाचा, खालचा दुसऱ्याचा. आमच्या पणजोबांच्या काळी कोळसेवाले गोड बोलत आले. म्हणाले, गवत तुमचं, गाय तुमची, घरही तुमचंच, आम्हाला फक्त खालचं द्या. पणजोबांनी विचार केला, खालचं घेऊन हे जाणार कुठे? आणि दिलं. आमच्या घराण्यात अक्कल अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

त्यामुळे आज कुणी जमीन घ्यायला निघालं की आधी शोधावं लागतं, खालचं कुणाचं. वकील लोक कोर्टातले कागद धरून मागे मागे जातात. जाता जाता एका जागी कागद संपतो. खालचा एखादा मालक नुसताच उरतो. त्याने विकल्याची नोंद नाही, मेल्याची नाही, वारसाचा पत्ता नाही. मग त्यांना एक म्हातारा लागतो. ते घराणं ओळखणारा, पण त्या जमिनीत ज्याचा काही वाटा नाही असा. त्याने हात वर करायचा आणि सांगायचं, अमका अमक्या साली गेला, मागे एवढी पोरं. म्हणजे टायटल क्लिअर.

आमच्या खोऱ्यात तो म्हातारा मी. शाळेत मी अपूर्णांकांपर्यंत पोचलो आणि तिथून अपूर्णच परत आलो, पण मयतं मला पाठ आहेत. कारण सोपं आहे. मयताला आमच्याकडे शेजारीपाजारी जेवण आणतात, आणि मी जेवणावरून माणूस लक्षात ठेवतो. लवंगा टोचलेलं हॅम म्हटलं की थोरला नेस्टर. बटाट्याच्या सॅलडला वास येत होता तो दिवस त्याच्या धाकट्या भावाचा. वकील हसतात, पण माझी सालं एकदाही चुकलेली नाहीत.

२

रेना माझ्या मुलीची मुलगी. किडनीच्या दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांचं रक्त धुते आणि संध्याकाळी येऊन माझी खरडपट्टी काढते. त्या दिवशी मी पोर्चवर घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो. ती आली, पायरीवर बसली, आणि तिनेही एक मूठ शेंगा मोडायला घेतल्या.

"पॅपॉ, तुला एक बाई मारायची आहे."

"जेवणाआधी की नंतर?"

"ऑर्फा नेस्टर."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

टेकडीवरचं नेस्टरांचं घर रेना घेणार हे मला माहीत होतं. ओहायोत असलेला ऑर्फाचा एक भाचा वरचा मालक. त्याला ते घर नको होतं. पण रेनाला घर नुसतं वरचं नको होतं, वरखाली सगळं हवं होतं, आणि तिचं चुकत नव्हतं. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या आईच्या घराखालून कोळसा काढत काढत खाण पुढे गेली. एका सकाळी नळातून पाण्याऐवजी वारा आला. विहीर कोरडी, भिंतींना तडे. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, खालचं आमचंच होतं ना बाई. तेव्हापासून ही पोरगी भाड्याच्या खोल्यांत वाढली आणि कुठेही राहायला गेली की आधी नळ सोडून बघते.

"खालचं ऑर्फाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"अजून. तिच्या बापाने वाटणी करताना वरची जमीन मुलांना दिली आणि खालचं सगळं तिला."

हे मला लहानपणापासून ऐकून ठाऊक होतं. ऑर्फाने लग्न केलं नाही. बापाला भीती, की आपल्यामागे भाऊ तिला घराबाहेर काढतील. तेव्हा म्हाताऱ्याने कोळसेवाल्यांचा छापील कागद समोर ठेवला आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं पोरीसाठी उतरवून घेतलं. खालच्या मालकाला वाटेल तेव्हा वर यायचा-जायचा हक्क, आणि वरचं लाकूड-पाणी लागेल तेवढं घ्यायचा हक्क. खाणीला लाकूड-पाणी लागतं म्हणून घातलेलं ते वाक्य. म्हाताऱ्याच्या डोक्यात मात्र चूल आणि बादली होती.

"तिला पोरंबाळं नव्हती," रेना म्हणाली. "ती गेली असं तू सांगितलंस की खालचं भाच्याकडे येतं, आणि तो मला सगळंच विकतो. आणि ती गेली की आहे हे कुणालाच ठाऊक नाही असं ठरलं, तर कोर्ट तिच्या जागी कुणीतरी परका माणूस नेमणार. तो जमिनीखालचा गॅस काढणाऱ्या कंपनीला खोदाईची सही देणार. मग घरामागच्या माझ्या झऱ्याचं काय होईल ते तू मला सांगायला नको."

"त्यात काय एवढं. आत्ता सांगतो," असं म्हणून मी डोळे मिटले आणि ऑर्फाच्या मयताचं जेवण आठवायला लागलो.

काहीच आठवेना. हॅम नाही, अंडी नाहीत, मक्याचा पावसुद्धा नाही. ताट समोर येई ते रिकामंच.

"मी गेलो नसेन तिच्या मयताला."

"पॅपॉ," रेना शेंगेची शीर ओढत म्हणाली, "तू फुकटचं जेवण सोडलंस असं कधी झालंय?"

३

शनिवारी सकाळी आम्ही घर बघायला गेलो. मी म्हटलं, जागेवर गेलो तर काही आठवेल.

पुलापाशी एक पांढरी गाडी गेल्या वर्षापासून उभी आहे, टायर बसलेले, बॉनेटवर पानं. गॅस कंपनीचा एक माणूस ऑर्फाच्या वारसांची चौकशी करत आला होता, त्याची. लोक म्हणतात, तो काम सोडून टेक्सासला गेला. मी तेव्हा म्हणालो होतो, टेक्सासला चालत गेलेला हा पहिलाच.

टेकडीवर दंव गोठलं होतं. गवत, कुंपण, मोडका गोठा, सगळं पांढरं. फक्त मागच्या पडवीपासून झऱ्यावरच्या दगडी खोलीपर्यंत एक पट्टा काळा होता. पायवाटेएवढा.

"हरणं," मी म्हणालो.

"हं," रेना म्हणाली.

हरणं इतकी सरळ चालत नाहीत हे मलाही कळतं. पण सकाळच्या वेळी माणसाने स्वतःशी वाद घालू नये.

झऱ्यावरच्या खोलीत लांब दांड्याचं टिनाचं ओगराळं खिळ्याला टांगलेलं होतं. त्याच्या कडेवरून एक थेंब सुटला आणि दगडावर पडला. मग थोडा वेळ थांबून दुसरा.

पडवीत हिकरीची लाकडं नीट फोडून रचलेली होती. ताजी.

"ही कुणी रचली?"

"मी. येता-जाता."

"आधी घर घेतात पोरी, मग लाकूड फोडतात."

ती हसली, पण माझ्याकडे न बघता हसली. मी म्हटलं, पोरीचा जीव बसलाय घरावर. रास मात्र एका बाजूने थोडी उतरलेली होती. कुणी चोरून नेलं असतं तर भराभर ओढून नेलं असतं. इथे वरची चार-दोन तेवढी उचललेली, आणि बाकीची पुन्हा सारखी करून ठेवलेली.

आत सगळं बंद घरासारखंच. टेबलावर धूळ, खिडकीत मेलेल्या गांधीलमाशा, भिंतीवर कॅलेंडरचा नुसता खिळा. मी बूट काढले, कारण ऑर्फाच्या स्वयंपाकघरात बूट घालून गेलं की मार बसे, आणि ती सवय अंगातून गेलेली नाही. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर जमीन ऊबदार.

गरम नव्हे. ऊबदार. मांजर आत्ताच उठून गेलं असावं तशी.

"खाली कोळसा पेटला असेल," मी म्हणालो. होतं असं. पलीकडच्या खोऱ्यात जुनी खाण वर्षानुवर्षं जळते आहे आणि तिथल्या दफनभूमीवर बर्फ टिकत नाही. पण तिथे गंधकाचा वास येतो, डोळे चुरचुरतात. इथे पाव भाजत असल्यासारखा वास होता.

तेवढ्यात खाली खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. जेवून उठताना माणूस सरकवतो तशी, सावकाश.

"तळघरात रॅकून शिरलाय," मी म्हणालो.

"असेल," रेना म्हणाली, आणि माझे बूट उचलून माझ्या हातात दिले.

४

तुम्हाला ऑर्फाची थोडी ओळख करून द्यायला हवी.

ती आमच्या शाळेत स्वयंपाक करायची. मी सहा वर्षांचा, ती तेव्हाच पन्नाशीची. उंच, हाडापेराने मोठी, केसांचा घट्ट आंबाडा. माझा उजवा कान अर्धाच आहे. पाळण्यातल्या वयात तो डुकराने खाल्ला. पोरं त्यावरून पिडायची. ऑर्फा येता-जाता तोच अर्धा कान बोटांत धरून हलकेच ओढायची आणि म्हणायची, "डुकराला उरलेला तू आवडला नाहीस वाटतं." बाकीची पोरं हसायची, मीही हसायचो, आणि त्या दिवसापुरता तो कान मला चांगला वाटायचा.

मी तिच्या पिठाच्या डब्यात बेडूक सोडला. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात बकव्हीटची धिरडी आली, वर मेपलचा पाक, आणि धिरड्याखाली जिवंत खेकडा. आमची तेव्हापासून दोस्ती. खोड्या काढायचं शिक्षण मी तिच्याकडेच घेतलं, आणि तेवढं मात्र पूर्ण केलं.

म्हणून नेस्टरांच्या घरी पुन्हा गेलो तेव्हा मी एक लाकूड बरोबर नेलं. त्यावर सुरीने एक तोंड कोरलं होतं. डोळे वटारलेलं, जीभ बाहेर काढलेलं. ते राशीवर सगळ्यात वर ठेवलं. कुणी भटका घरात राहत असेल तर जरा दचकेल आणि निघून जाईल, एवढाच हेतू. निदान रेनाला मी असंच सांगितलं.

पुढच्या खेपेला ते लाकूड नव्हतं.

त्याच्या पुढच्या खेपेला राशीवर दुसरं एक होतं. त्यावरही तोंड कोरलेलं. म्हाताऱ्याचं. गाल बसलेले, हनुवटी माझ्यासारखी पुढे आलेली, आणि उजवा कान अर्धा. अगदी माझा, म्हणजे आरशात बघावंसं वाटत नाही तो मी. त्याचीही जीभ बाहेर होती.

मी रेनाकडे वळलो. "छान कोरलंयस. नात कुणाची आहे शेवटी!"

"मी नाही कोरलं, पॅपॉ."

"मग काय रॅकूनने?"

"माझे हात बघ." तिने दोन्ही हात पुढे केले. दवाखान्यातले हात, नखं कापलेली, कुठे ओरखडा नाही. "मला सुरीने सफरचंद सोलता येत नाही, हे तूच सगळ्यांना सांगत फिरतोस."

मी ते लाकूड घरी आणलं. शेकोटीत घालणार होतो. घातलं नाही. चुलीपाशी ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. सकाळी उठलो की त्याचं तोंड माझ्याकडे केलेलं असेल अशी माझी खात्री होती. तसं काही झालं नाही. आणि खोटं कशाला बोलू, जरा वाईटच वाटलं.

५

रेनाच्या वकीलबाईंचं नाव पेरिन. वयाने इतकी लहान, की मी तिला पहिल्या भेटीत विचारलं, वकील आत आहेत का. तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलते.

"मिस्टर टीट्स, मजकूर तयार आहे. ऑर्फा नेस्टर, अविवाहित, निपुत्रिक, मरण पावल्या. साल तुम्ही सांगायचं. गुरुवारी सही."

"साल आठवत नाही."

"साधारण चालेल. आज असत्या तर त्यांची एकशेवीसच्या वर वर्षं झाली असती. त्या हयात नाहीत हे सांगायला तुम्हाला काही फार आठवावं लागणार नाही."

"मग मी कशाला हवा? तुमचं गणित पुरे."

"गणिताला शपथ घेता येत नाही," ती म्हणाली. पोरगी मला आवडायला लागली.

मग तिने मला हसण्यावारी न नेता समजावून सांगितलं. गॅस कंपनीचे लोक थांबायला तयार नाहीत. आमच्याकडून काही नोंद झाली नाही, तर ऑर्फा बेपत्ता आहे असं सांगून ते परका माणूस नेमून घेणार. रेनाचं घर वरून तिचं राहील, खाली काय चाललंय त्यावर तिचा शब्द चालणार नाही. बँकही असल्या घराला हात लावणार नाही.

मी मान डोलावली. खरं म्हणजे सोपं होतं. हात वर करायचा, साधारण साल सांगायचं. पण इतक्या वर्षांत मी सगळ्यांच्या खोड्या काढल्या, पाद्र्यालाही सोडलं नाही, फक्त वर केलेल्या हाताची खोडी कधी काढली नाही. ज्याचं जेवण आठवलं, त्यालाच मेलेला म्हटलं. पशुखाद्यवाले गृहस्थ तेवढे सोडा, ते त्यांच्या भावाचं जेवण होतं.

६

बुधवारी दुपारी मी एकटाच गेलो. रेना कामावर होती. बरोबर फॉइलमध्ये गुंडाळलेली बकव्हीटची धिरडी. का नेली ते विचारू नका. रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये असं आईने शिकवलं होतं.

तळघराचं दार मागच्या पडवीखालून आहे. ऊन चांगलं होतं, दार उघडताच ते आतल्या पायऱ्यांवर पडलं. "ऑर्फा," मी वरूनच हाक मारली, "उद्या तुला मारायचं आहे, तुझं काही म्हणणं असेल तर आत्ता सांग." आणि मोठ्याने हसलो. आत माझा आवाज कुठेच आपटला नाही. लहान तळघरात हाक मारली की भिंत ती परत देते. ती परत आली नाही.

खाली उतरलो. बरण्यांच्या फळ्या होत्या, तशाच, लहानपणी बघितलेल्या. पण मागची भिंत आठवते तिथे भिंत नव्हती. आणखी पायऱ्या होत्या, दगडी, खाली जाणाऱ्या, मधोमध झिजलेल्या. खालून तो पावाचा वास येत होता.

माणसाची बुद्धी गमतीची. माझी म्हणाली, नेस्टरांनी स्वतःपुरता कोळसा काढला असेल, घरोघर काढायचे, त्याचाच हा जिना. बरोबर आहे, मी म्हणालो. मग बुद्धीने पायऱ्यांच्या कडेची भिंत दाखवली आणि स्वतः गप्प बसली.

भिंतीला खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीवर एक टोपी. एक जुनी फेल्ट हॅट, शहरी माणसं घालायची तशी. एक कातडी टोपी, पुढे दिवा अडकवायची पट्टी असलेली. एक गवती, रिबिनीची. आणि सगळ्यात शेवटी पांढरं प्लास्टिकचं शिरस्त्राण, आताची कंपनीवाली पोरं घालतात तसं. एकीवरही धूळ नव्हती. कुणीतरी रोज हात फिरवत असावं, घरातल्या माणसांच्या टोप्यांवरून फिरवतात तसा.

मग खालून पावलं आली. घाई नाही, चोरी नाही. बरोबर बादलीच्या कडीची करकर.

मी पळालो नाही असं सांगितलं तर तुम्हाला मी शूर वाटेन. खरं असं की पाय हललेच नाहीत. मी फक्त पाठ फिरवली. शाळेत मार खायची वेळ आली की फिरवायचो तशी, डोळे घट्ट मिटून, धिरडी छातीशी धरून.

पावलं माझ्या मागे येऊन थांबली. ऊब पाठीला लागली. फॉइलची चुरचुर झाली आणि माझ्या हातातलं ओझं हलकं झालं. मग बोटं. पीठ लागलेली, कोरडी, ऊबदार. त्यांनी माझा अर्धा कान धरला आणि हलकेच ओढला.

पावलं मला वळसा घालून वर गेली.

मी डोळे उघडले तेव्हा वरच्या दारातल्या उन्हात फक्त पाठ दिसली. उंच, मोठ्या हाडांची, मानेवर घट्ट आंबाडा, हातात बादली. ती झऱ्याच्या वाटेला लागली. तिचं पाऊल जिथे पडे तिथल्या ओल्या गवतातून वाफ निघत होती.

ती परत याच जिन्याने येणार होती. हे ध्यानात आलं आणि मग मात्र पाय हलले.

पिकअपमध्ये बसून मी आधी दोन्ही दारं आतून लावली. भटकी बाई असेल, बुद्धी म्हणाली. असेल, मी म्हटलं. आरशात बघितलं तर कानाच्या पाळीवर पिठाचे दोन ठसे होते.

७

गुरुवारी कोर्टात मी उजवा हात वर केला. वकीलबाई, शिक्का मारणारा कारकून, आणि मागे बाकावर रेना, दवाखान्याच्या कपड्यांतच आलेली.

"ऑर्फा नेस्टर कधी मरण पावल्या?"

"नाही पावल्या."

पेरिनबाईंचं पेन थांबलं. "मिस्टर टीट्स, ही गंमत करायची जागा नाही."

"तेच मी म्हणतोय. हात वर आहे माझा. काल दुपारी भेटलो तिला. तब्येत ठणठणीत."

"कुठे राहतात त्या?"

"त्याच पत्त्यावर. खालच्या बाजूला."

कारकुनाने खोकल्याचं सोंग केलं. वकीलबाईंनी मला तीन-चार तऱ्हांनी विचारून पाहिलं, मीही तेच उत्तर तीन-चार तऱ्हांनी दिलं. शेवटी तिने चिडून जसं बोललो तसं लिहून घेतलं, मी सही ठोकली. आमच्या कारकुनाकडे सही आणि शिक्का असला की वाण्याची यादीसुद्धा नोंदवून घेतात. झाली नोंद. ऑर्फा नेस्टर, खालची मालकीण, हयात. वास्तव्य जागेवर.

तुम्हाला सांगतो, मी छाती काढून बाहेर पडलो. आयुष्यभर माणसं मारली, पहिल्यांदाच एक जिवंत केली. जिवंत मालकिणीच्या जागी परका माणूस नेमता येत नाही. परका नाही म्हणजे सही नाही, सही नाही म्हणजे खोदाई नाही. एका वाक्यात ऑर्फा वाचली, झरा वाचला, आणि मला खोटी शपथ घ्यावी लागली नाही. वरचं घर रेना सावकाश घेईल. ओहायोचा भाचा कुठे पळून चाललाय?

रेना पिकअपमध्ये बसली. किल्ली लावली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर कोर्टाच्या पायऱ्यांकडे बघत राहिली.

"रागावलीस?" मी म्हणालो. "बाळ, मी तिला बघितलं. देवाशपथ. मला मेलेली म्हणवेना."

"मला माहीत आहे तू बघितलंस. तुझ्या कानाला पीठ आहे अजून."

माझा हात कानाकडे गेला.

"आईची विहीर आटली ना," रेना म्हणाली, "तेव्हा मी बादली घेऊन नेस्टरांच्या झऱ्यावर जायचे. शाळेच्या आधी. ती तिथे असायची. माझी बादली आधी भरून द्यायची, मग स्वतःची. वर्षभर. कधी नाव विचारलं नाही मी. लाकडं कुणासाठी रचत होते असं तुला वाटलं?"

मी काही बोलायच्या आत तिने हात वर केला, थांब म्हणून.

"मी तिला कागदावर मारत होते, पॅपॉ. म्हणजे तिला कुणी शोधायला येणार नाही. खालचं माझ्या नावावर झालं असतं, तिने तिथेच राहायचं, मी वर. कुणाला काही कळलं नसतं."

"अगं, मग आता तरी काय बिघडलं? ती सही देणार नाही. कंपनीवाले हात हलवत परत जातील!"

रेनाने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी दवाखान्यातला, सुई टोचायच्या आधीचा.

"तू त्यांना पत्ता लिहून दिलायस, पॅपॉ. सोमवारी कुणीतरी येईल सही घ्यायला. नवीनच नोकरीला लागलेला असेल, कुणाचा तरी लाडका, संध्याकाळी न चुकता आईला फोन करणारा. तुझं नाहीतर माझं दार वाजवून विचारेल, ऑर्फाबाई कुठे भेटतील. त्याला जिना तू दाखवणार आहेस, की मी दाखवू?"